मिस्टिंग सिस्टीम : नागपुरात गारवा, मग मुंबईत नुसता ओलावा का?

मे महिन्यात नागपूरच्या एखाद्या ओपन-एअर रेस्टॉरंटमध्ये बसलात, तर वरच्या पाइपमधून धुक्यासारखे तुषार उडताना दिसतात. अंगाला गारवा जाणवतो, पण कपडे फारसे ओले होत नाहीत. हे नेमकं होतं कसं?

माठाचंच तत्त्व

पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेतं. माठ, वाळ्याच्या ताट्या आणि घरातला कूलर याच तत्त्वावर चालतात. १ लिटर पाण्याची पूर्ण वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खेचली जाते.

मिस्टिंगमध्ये पंप साधारण ७० बार दाबाने पाणी बारीक नोझलमधून सोडतो. त्यातून निघणारे थेंब केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतात आणि हवेतच विरतात. थेट नळाच्या दाबावर चालणाऱ्या स्वस्त किटमधले थेंब मोठे असतात. ते विरण्याआधीच टेबलावर पडतात.

सगळा खेळ आर्द्रतेचा

हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त. तापमान ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर तत्त्वतः हवा सुमारे २४ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. मुंबईसारख्या ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ही मर्यादा २८ अंशांच्या वरच राहते. उघड्यावर वारा गारवा उडवून नेतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून बराच कमी असतो. शिवाय दमट हवेत आणखी बाष्प सोडलं की घाम वाळत नाही आणि उकाडा वाढल्यासारखा वाटतो.

पाणी किती लागतं?

एका बारीक नोझलला तासाला साधारण ५ लिटर पाणी लागतं, असं धरू. २० नोझल रोज ५ तास चालवले, तर ५०० लिटर. टँकरवर अवलंबून असलेल्या भागात हा हिशेब आधी करायला हवा. जड पाण्यातल्या क्षारांनी नोझल चोक होतात, म्हणून अनेक ठिकाणी आरओचं पाणी वापरतात. त्यात वाया जाणारं पाणी वेगळंच.

दुर्लक्षित धोका

पाइपमध्ये साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हे जिवाणू वाढू शकतात. तुषारांवाटे ते फुप्फुसात गेल्यास गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एका किराणा दुकानात भाज्यांवर तुषार सोडणाऱ्या यंत्रातून असाच संसर्ग पसरला होता. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना याचा धोका अधिक.

बसवण्याआधी काय पाहाल?

- दुपारची आर्द्रता किती असते? ती ५०-६० टक्क्यांच्या वर असेल, तर सावली आणि पंखे जास्त उपयोगी.
- जागा हवेशीर आहे का? बंदिस्त जागेत बाष्प साचतं.
- टाकी आणि पाइप नियमित रिकामे व निर्जंतुक कोण करणार?

आणि ग्राहक म्हणून एक सोपी खूण : टेबल ओलं होत असेल, तर सिस्टीममध्ये किंवा हवेत काहीतरी जुळत नाहीये.