पाइनची लागवड किती पाणी पिते? पाऊस आणि ओढा यांच्यामधला हिशोब

झाडं लावली की पाणी वाढतं, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. दक्षिण आफ्रिकेत मोकोबुलान नावाच्या ठिकाणी मात्र उलटं घडलं. तिथल्या गवताळ डोंगरावर १९७०च्या आसपास संशोधकांनी मुद्दाम झाडं लावली: एका छोट्या पाणलोटात पाइन, दुसऱ्यात निलगिरी. ओढ्यांचं पाणी सतत मोजलं जात होतं. पाइनखालचा ओढा लागवडीनंतर बाराव्या वर्षी पूर्ण आटला. निलगिरीखालचा तर नवव्याच वर्षी.

हे पाणी गेलं कुठे? दोन वाटांनी.

पहिली वाट: जमिनीपर्यंत न पोहोचणारा पाऊस

पाऊस पडला की काही थेंब फांद्यांमधून थेट खाली येतात, काही खोडावरून ओघळतात आणि उरलेले सुयांसारख्या पानांवरच अडकून तिथूनच वाफ होऊन जातात. या तिसऱ्या भागाला इंटरसेप्शन म्हणतात. मोजायची पद्धत अगदी साधी आहे. मोकळ्या जागेत एक पर्जन्यमापक ठेवायचा, झाडांखाली पन्हळी लावायच्या, खोडाभोवती कॉलर बसवून ओघळ गोळा करायचा. मोकळ्यावरच्या पावसातून बाकी दोन वजा केले की हाती येतो तो तोटा.

१९७१ मध्ये रटर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या कॉर्सिकन पाइनच्या लागवडीवरून याचं मॉडेल बनवलं. आम्हा प्रोग्रामरना ते लगेच कळतं, कारण झाडाचा शेंडा म्हणजे सरळ एक बफर आहे. पाऊस आत, बाष्पीभवन आणि ठिबक बाहेर.

समजा हा बफर १.५ मिमीचा आहे. १ मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर, म्हणजे एका वेळी हेक्टरी १५,००० लिटर वरच अडकणार. २० मिमीची एकच जोरदार सर आली तर बफर एकदाच भरतो. त्यात पाऊस चालू असताना होणारी वाफ थोडी भर घालते, पण बरंचसं पाणी खाली पोहोचतं. तेच २० मिमी रोज एक-एक मिमीच्या भुरभुर पावसात आले आणि मधे पानं सुकत राहिली, तर जमिनीला जेमतेम काहीतरी मिळतं. म्हणून "पाइन अमुक टक्के पाऊस खातो" असा एकच आकडा कुणी सांगितला, तर आधी विचारा: कुठला पाऊस?

पाइन यात इतका तरबेज का? सुया वर्षभर असतात, त्यांचं एकूण क्षेत्रफळ मोठं असतं आणि उंच, खडबडीत शेंड्यांमधून वारा खेळत राहतो. ओली सुई गवताच्या ओल्या पात्यापेक्षा खूप लवकर सुकते.

दुसरी वाट: मुळं

मोकोबुलानला पाऊस उन्हाळ्यात पडतो, हिवाळा कोरडा. हिवाळ्यात गवत पिवळं पडून झोपी जातं, त्याचा पाणीवापर जवळपास थांबतो. पाइन मात्र खोलवरची ओल खेचत राहतो. ओढ्याला कोरड्या दिवसांत पाणी पुरवते ती हीच ओल.

खरी गोम पुढे आहे. निलगिरी १६ वर्षांची झाल्यावर तोडली, तरी ओढा पूर्ववत बारमाही व्हायला आणखी पाच वर्षं लागली. आधी रिकामी झालेली जमीन भरायला लागली, मग ओढा. झाडं तोडणं म्हणजे अनडू बटण नव्हे!

खाली ओढ्यावर जगणाऱ्यांसाठी पाच वर्षं म्हणजे फार. दक्षिण आफ्रिकेत नव्या लागवडीला १९७२ पासूनच परवाना लागू लागला. १९९८च्या राष्ट्रीय जल कायद्याने तर व्यापारी वृक्षलागवडीला 'ओढ्याचा प्रवाह घटवणारी कृती' ठरवलं. म्हणजे पंप न लावता, पाट न काढता, नुसती झाडं लावणाराही तिथे कायद्याने पाणी वापरणारा ठरतो. माझ्या मते हा कायद्याचा सगळ्यात हुशार भाग आहे, कारण या वापराला मीटर लावताच येत नाही.

हे गणित सगळ्या झाडांना, सगळीकडे लावू नका. मोकोबुलानला आधी गवत होतं. तुलना गवत आणि दाट, सदाहरित लागवड यांची आहे. उजाड माळ आणि जंगल यांची नाही.