गुण्या, करवत आणि मेस्त्री

कल्याणात नवी भिंत चढू लागली की गवंडी कोपऱ्याला गुण्या लावून बघतो. काटकोन साधला आहे ना, एवढंच त्याला पाहायचं असतं. पण गुण्या हा शब्द फार लांबचा प्रवासी आहे. ग्रीक भाषेत कोनाला ‘गोनिया’ म्हणतात. तो पश्चिम आशियातल्या भाषांत शिरला, फारसीत ‘गूनिया’ झाला आणि सुलतानांच्या काळात इथल्या गवंड्या-सुतारांच्या तोंडी बसला. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात कल्याण बंदराचं नाव आहे खरं, पण गुण्या काही त्या जहाजांतून उतरलेला नाही. तो आला फारसीच्या वाटेने, त्याच्याच सोबतीच्या रंध्यासारखा. इंग्रजीतल्या ‘ट्रिगॉनॉमेट्री’च्या पोटातला ‘गॉन’ मात्र तोच. डोंबिवलीच्या शाळेतलं गणित आणि घरी कपाट करायला आलेल्या सुताराचं हत्यार यांचं मूळ असं एक निघतं.

सुताराच्या पिशवीत अगदी घरचे शब्दही आहेत, आणि त्यांत हात जागोजागी सापडतो. हत्यार आणि हातोडा यांत तो उघड दिसतो; करवतीत लपलेला आहे. संस्कृतात तिला ‘करपत्र’ म्हणत: कर म्हणजे हात, पत्र म्हणजे पातं. सुश्रुतसंहितेत शस्त्रांची जी यादी आहे, तिच्यात करपत्र येतं. तिथे ते लाकडासाठी नाही, हाडासाठी आहे. त्याच ग्रंथातली पकडीची अवजारं म्हणजे ‘संदंश’. त्यावरून आली आपल्या स्वयंपाकघरातली सांडशी. शस्त्रक्रियेच्या खोलीतून चुलीपाशी आलेलं हे घराणं फार कमी जणांच्या लक्षात येतं.

इंग्रजीतही वैद्य आणि कारागीर असेच शेजारी आहेत. ‘सर्जन’ या शब्दाचं मूळ ग्रीक. त्यात ‘खेर’ म्हणजे हात आणि ‘एर्गोन’ म्हणजे काम. अर्थ सरळ आहे: हाताने काम करणारा. लॅटिनमध्ये हाताला ‘मानुस’ म्हणतात, त्यावरून ‘मॅन्युअल’ आणि ‘मॅन्युफॅक्चर’. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पाट्यांवर आजही ‘मॅन्युफॅक्चरर्स’ झळकतं. आत यंत्रं चालत असली, तरी शब्दाचा मूळ अर्थ हाताने घडवणं हाच आहे.

या भागात कारागिराची परंपरा जुनी. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या लोहाराने दिलेल्या दानाची नोंद आहे. पण कारागिरांच्या प्रमुखाला मिळालेलं नाव सोळाव्या शतकापासूनचं. 1534 मध्ये वसईच्या तहानंतर ठाण्याचा किनारा पोर्तुगिजांकडे गेला आणि 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेईपर्यंत तो त्यांच्याच हाती होता. ठाण्याच्या किल्ल्याचं, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहाचं, बांधकाम त्यांनीच 1730 मध्ये सुरू केलं होतं. पोर्तुगिजांचा ‘मेस्त्रे’ म्हणजे कामात तरबेज माणूस. तोच आपला मेस्त्री. माल वाहायचं घमेलं त्यांच्या ‘गामेला’वरून आलं, चावी ‘शावे’वरून.

आता गंमत अशी, की मेस्त्रेचं मूळ लॅटिन ‘माजिस्तेर’, आणि इंग्रजी ‘मास्टर’चंही तेच. त्यामुळे स्टेशनमास्तर आणि मेस्त्री हे सख्खे भाऊ, फक्त दोन वेगळ्या राजवटींबरोबर आलेले.

मास्तर आला रेल्वेतून. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी धावली. खाडीवर पूल बांधून, डोंगर फोडून 1 मे 1854 ला ती कल्याणला पोहोचली. तिच्यापाठोपाठ इंग्रजी अवजारांची नावं रूळ सांभाळणाऱ्यांच्या बोलण्यात रुजली. फिटरच्या हातातला स्पॅनर मुळात नट फिरवण्यासाठी नव्हताच. सतराव्या शतकात चाकाच्या चापाची बंदूक असे. तिची स्प्रिंग ताणायच्या किल्लीला हे नाव होतं. जर्मनमधल्या ‘ताणणे’ या क्रियापदावरून ते आलं. रेंचचं पूर्वजन्मीचं चरित्र तर आणखी वेगळं: जुन्या इंग्रजीत ‘रेंच’ म्हणजे डावपेच, फसवणूक! पिळण्याचा अर्थही त्याच घराण्यातला, आणि अवजाराला तोच चिकटला. गिरमिट मात्र इंग्रजी ‘गिमलेट’चं, आपण त्याला इतकं मराठी वळण दिलं की परकेपणा उरलाच नाही.

आणि जॅक. इंग्लंडात जॅक हे कुणाही साध्या पोऱ्याचं नाव होतं. शेगडीवर मांस भाजताना सळई फिरवत बसायचं काम अशा पोऱ्याकडे असे. पुढे ते करणारं यंत्र आलं, आणि त्याला पोऱ्याचंच नाव मिळालं. मग वजन उचलणाऱ्या साधनालाही तेच लागलं. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यांकडे ट्रकखाली सारला जातो, तो हाच जॅक.