हरवलेला पैसा कोणाच्या खात्यात?

आज आपण दिरहॅम मोजतो. पण १९६६ पर्यंत दुबई-अबुधाबीच्या बाजारात भारताचाच रुपया चालत असे, हे मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही.

भारतात चोरून आणलेल्या सोन्याच्या बदल्यात रुपये आखातात जात. इथल्या बँका ते रिझर्व्ह बँकेला देऊन पौंड मागत. म्हणजे इथली प्रत्येक नोट हे भारताच्या परकीय गंगाजळीवरचे देणे होते. म्हणून १९५९ साली फक्त आखातासाठी वेगळ्या रंगांच्या नोटा निघाल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि दुबईने रियाल, अबुधाबीने बहारीनचा दिनार स्वीकारला. दिरहॅम आला तो १९७३ मध्ये. परत न गेलेल्या काही नोटा आज संग्राहकांकडे दिसतात.

तसाच अनुभव आपल्यालाही आला. २०१६ च्या नोटाबंदीनंतर परदेशस्थांना कपाटातल्या नोटा बदलण्यासाठी ३० जून २०१७ पर्यंत मुदत होती आणि त्यासाठी मुंबई, नागपूर अशा ठरावीक ठिकाणी रिझर्व्ह बँकेत जावे लागे. सुमारे ९९.३ टक्के नोटा परतल्या. १०,७२० कोटी रुपयांच्या परतल्या नाहीत. त्या ज्यांच्याकडे राहिल्या त्यांचे नुकसान झाले, पण बाजारात पैसा त्यामुळे कमी पडला नाही. बँकेचे देणे मिटले आणि नव्या नोटा छापता आल्या.

बिटकॉइनचे मात्र उलटे आहे. ती कोणाचे देणे नाहीत आणि एकूण २ कोटी १० लाखांपलीकडे कधी निघणार नाहीत. गुप्त कळ हरवली, की नाणे हिशेबात सर्वांना दिसते, पण खर्च कोणालाच करता येत नाही. त्याच्या जागी दुसरे काढता येत नाही. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची कळ होती. कचराडेपो खणू द्यावा हा त्यांचा दावा न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळला. अशाने पुरवठा कायमचा घटतो आणि मागणी तेवढीच राहिली, तर उरलेल्यांच्या नाण्यांचे मोल वाढते. एकाच्या घरातले नुकसान असे उरलेल्या सगळ्यांचा फायदा ठरते.

आजीने तांदळाच्या डब्यात ठेवलेले पैसे निदान आईला ठाऊक असत. आपल्या घरी कोणी असे चलन घेतले असेल, तर त्याची कळ कुठे ठेवली आहे, हे घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला आजच सांगून ठेवावे.