बर्किनचा भाता : जुन्या स्पोर्ट्स कारला घरी सुपरचार्जर बसवण्यामागचा शंभर वर्षांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/२२
जून १९३०. फ्रान्समधील ले मान्सची २४ तासांची शर्यत सुरू होऊन फार वेळ झालेला नाही. एक अवजड हिरवी बेंटली आघाडीवरच्या पांढऱ्या मर्सिडीजला गाठते. रस्ता अपुरा पडतो, तेव्हा ती दोन चाके गवतावर घालते आणि पुढे निघून जाते. थोड्याच वेळात तिच्या टायरचे रबर उखडते. या बेंटलीच्या तोंडाशी, रेडिएटरच्याही पुढे, एक बोजड यंत्र बसवलेले आहे. ते मूळ गाडीचे नव्हे, मागाहून जोडलेले आहे. आणि कंपनीच्या संस्थापकालाच ते मान्य नाही.

२/२२
त्या यंत्राचे नाव सुपरचार्जर. आज अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये एखादा हौशी माणूस आपल्या तीस-चाळीस वर्षे जुन्या स्पोर्ट्स कारसाठी त्याचे किट मागवतो आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने बसवतो. खोक्यातून हवा ढकलणारे यंत्र निघते. त्याशिवाय पट्टा, पुली, ब्रॅकेट, पाइप आणि इंधनाचा दाब वाढवणारा एक लहानसा भागही निघतो. यातील बहुतेक वस्तूंमागे पूर्वी कुणाचे तरी इंजिन फुटलेले आहे. हा थ्रेड त्या वस्तूंचा इतिहास आहे.

३/२२
मूळ तत्त्व लोहाराच्या भात्याचे आहे. कोळसा कितीही घाला, वारा मिळाल्याशिवाय भट्टी फुलत नाही. पेट्रोलच्या इंजिनाचेही तसेच. एक भाग पेट्रोल नीट जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे असते. अडचण हवेची असते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढता येईल तेवढीच ओढते. सुपरचार्जर ती हवा दाबाने आत कोंबतो.

४/२२
हा भाता मुळात मोटारीसाठी जन्मला नव्हता. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंची लोकरीची गिरणी होती. १८६० मध्ये त्यांनी एका यंत्राचे पेटंट घेतले. त्यात एका बंद पेटीत दोन पाती एकमेकांना न शिवता उलटसुलट फिरतात आणि हवा एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात. हे यंत्र पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालू लागले. १८७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये भुयारातून हवेच्या दाबाने डबा ढकलण्याचा प्रयोग झाला, त्यासाठीही रूट्सचेच यंत्र वापरले गेले.

५/२२
इंजिनात हवा दाबाने भरण्याची कल्पनाही जुनीच. गॉटलिब डाइमलर यांनी १८८५ मध्ये जर्मनीत तिचे पेटंट घेतले. मात्र कल्पना आणि टिकाऊ यंत्र यांत बरेच अंतर होते. मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर असलेल्या विक्रीच्या गाड्या मांडल्या, तेव्हा १९२१ साल उजाडले होते. १९२३ मध्ये मोंझा येथे फियाटने इटालियन ग्रां प्री जिंकली. सुपरचार्जर असलेल्या गाडीचा ग्रां प्री शर्यतीतील तो पहिला विजय. त्यानंतर शर्यतीच्या जगात ‘भाता हवाच’ असे वारे वाहू लागले.

६/२२
याच वाऱ्यात ब्रिटनमधला प्रसिद्ध वाद पेटला. एका बाजूला होते डब्ल्यू. ओ. बेंटली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बेंटली मोटर्सचे संस्थापक आणि मुळात रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात शिकलेले अभियंते. दुसऱ्या बाजूला होते सर हेन्री ‘टिम’ बर्किन. श्रीमंत घराण्यातले, पहिल्या महायुद्धात वैमानिक राहिलेले आणि गळ्यात ठिपक्यांचा रुमाल बांधून शर्यतीत उतरणारे चालक.

७/२२
बेंटली यांचे मत स्पष्ट होते. अधिक शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करावे. मोठे इंजिन निवांतपणे काम करते, कमी तापते आणि २४ तास टिकते. लहान इंजिनात हवा कोंबणे म्हणजे त्याच्या मूळ रचनेलाच विकृत करणे, असे ते मानत. ४३९८ सीसीच्या बेंटलीने १९२८ ची ले मान्स कोणत्याही भात्याविना जिंकली होती. त्यांच्या दृष्टीने पुढचे पाऊल म्हणजे सहा सिलिंडरांची, साडेसहा लिटरची ‘स्पीड सिक्स’.

८/२२
बर्किन यांना ते पटले नाही. विशेष म्हणजे १९२९ ची ले मान्स वुल्फ बार्नाटो यांच्यासह त्यांनी जिंकली, ती याच स्पीड सिक्समधून. तरीही त्यांनी वेल्विन गार्डन सिटी येथे स्वतःची कार्यशाळा थाटली आणि अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्स यांच्याकडून रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर करून घेतला. पैसा उभा केला डोरोथी पॅजेट या धनाढ्य तरुणीने. कंपनीचे अध्यक्ष असलेल्या बार्नाटो यांनीही या योजनेला हिरवा कंदील दाखवला. संस्थापकाचे मत बाजूला पडले.

९/२२
तरी बेंटली यांनी एक अट सोडली नाही. सुपरचार्जर सामावून घेण्यासाठी इंजिनाच्या मूळ रचनेत फेरफार करू दिला जाणार नव्हता. त्यामुळे तो बसवण्यास एकच जागा उरली : क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला, रेडिएटरच्या समोर. ‘ब्लोअर बेंटली’चे सारे जग ओळखते ते रूप सौंदर्यदृष्टीतून आलेले नाही, ते या भांडणातून आले. आजच्या भाषेत सांगायचे तर तयार इंजिनाला बाहेरून जोडलेले हे एक किटच होते.

१०/२२
आकडे मोहात पाडणारे होते. साध्या साडेचार लिटर बेंटलीची शक्ती ११० अश्वशक्ती. ब्लोअरच्या रस्त्यावरील गाडीची १७५ आणि शर्यतीच्या गाडीची सुमारे २४०. पण ही वाढ केवळ भात्याने झाली नव्हती. ब्लोअरसाठी क्रँकशाफ्ट आणि पिस्टन वेगळे घडवावे लागले. तेलाची व्यवस्था बदलावी लागली. शिवाय नाकावर वजन वाढल्यामुळे वळणावर गाडी सरळ जाऊ पाहत असे. भाता जोडला की उरलेली सगळी गाडी पुन्हा तपासावी लागते, हा पहिला धडा इथे मिळाला.

११/२२
आता पुन्हा जून १९३०. ले मान्सच्या नियमानुसार अशा ५० गाड्या विक्रीसाठी तयार कराव्या लागल्या होत्या. कंपनीने त्या केल्या. बर्किन यांनी सुरुवातीपासून रुडॉल्फ काराच्चोला यांच्या मर्सिडीजचा पाठलाग केला. त्या मर्सिडीजलाही सुपरचार्जर होता. चालकाने पेडल पूर्ण दाबले की मगच तो जोडला जाई. रात्रीत मर्सिडीज बंद पडली. पुढे दोन्ही ब्लोअर बेंटलीही इंजिनाच्या बिघाडाने बाद झाल्या.

१२/२२
जिंकले कोण? बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन, स्पीड सिक्समधून. दुसऱ्या क्रमांकावरही स्पीड सिक्सच होती. भाता नसलेल्या मोठ्या इंजिनाने बेंटली यांचे म्हणणे सिद्ध केले. त्याच वर्षी पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन यांनी ती अजस्र ब्लोअर दुसऱ्या क्रमांकावर आणली, हे खरे. पण ले मान्स तिला कधीच जिंकता आली नाही. १९३१ मध्ये जागतिक मंदीच्या काळात बेंटली मोटर्स बुडाली आणि रोल्स-रॉइसच्या हाती गेली. १९३३ मध्ये बर्किन वारले. तेव्हा ते चाळिशीतही पोहोचले नव्हते.

१३/२२
मग बर्किन चुकलेच का? उत्तर इतके सरळ नाही. १९३३ मध्ये एमजी कंपनीची ‘के-३ मॅग्नेट’ आली. इंजिन अवघे १०८७ सीसीचे, सुपरचार्जर ब्लोअर बेंटलीसारखाच नाकावर. त्या वर्षी आयर्लंडच्या उत्तरेकडील आर्ड्सच्या मार्गावर ताझिओ नुवोलारी यांनी याच गाडीतून टुरिस्ट ट्रॉफी जिंकली. फरक असा की ही गाडी पहिल्या दिवसापासून भाता गृहीत धरून रचलेली होती. हवा तीच, यंत्र त्याच जातीचे; तयारी मात्र वेगळी.

१४/२२
दुसऱ्या महायुद्धानंतर सुपरचार्जर शर्यतीच्या तंबूतून घरच्या गॅरेजमध्ये आला. अमेरिकेत एमजीच्या लहान स्पोर्ट्स कारचे वेड पसरले होते. १९४९ ते १९५३ दरम्यान जवळपास ३० हजार ‘एमजी टीडी’ तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. गाडी देखणी, पण इंजिन १२५० सीसीचे आणि शक्ती ५४ अश्वशक्ती. अमेरिकेच्या लांबलचक महामार्गांवर ती दमून जाई. मालक तरुण होते, हातात पाना धरायची त्यांना सवय होती. किटला गिऱ्हाईक मिळाले.

१५/२२
ब्रिटनमध्ये शोरॉक आणि पेनसिल्व्हेनियात जडसन ही या बाजारातली ठळक नावे. जडसनची किट एमजीसाठी मिळत, तशी फोक्सवॅगन बीटलसाठीही. त्यांच्या यंत्रात रूट्सची जोडपाती नव्हती. एका फिरत्या दंडात सरकणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असत आणि त्या पेटीच्या भिंतीला घासत जात. म्हणून किटबरोबर तेलाची एक छोटी बाटली येई आणि तीतून थेंब थेंब तेल आत जाई. बाटली कोरडी पडू दिली की पट्ट्या झिजल्याच. बसवणे एका सुट्टीत उरके. बाटलीकडे लक्ष मात्र कायमचेच द्यावे लागे.

१६/२२
ज्यांना किट परवडत नव्हते त्यांनी भंगाराची वाट धरली. जनरल मोटर्सचे ‘६-७१’ हे दोन फेऱ्यांचे डिझेल इंजिन १९३८ मध्ये आले. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून ते नाव. अशा इंजिनात जळका धूर ढकलून बाहेर काढण्यासाठी रूट्स पद्धतीचा भाता मुळातच लागतो. हे इंजिन ट्रक आणि बसमध्ये होते. महायुद्धात किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या नौकांतही होते. युद्ध संपले आणि हे भाते स्वस्तात मिळू लागले.

१७/२२
कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी ते उचलले. बार्नी नवारो यांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस याच कुटुंबातला धाकटा ‘३-७१’ भाता जुन्या फोर्ड व्ही-८ वर चढवला. त्यासाठी इंजिनाशी भाता जोडणारे अनेक पट्टे शेजारी-शेजारी लावले. पुढे ६-७१ हे बॉनेटमधून वर डोकावणारे हॉट-रॉडचे मानचिन्हच बनले. घसरणाऱ्या साध्या पट्ट्यांची जागा रुंद दातेरी पट्ट्यांनी घेतली. आजच्या किटमधला पट्टा या घसरगुंडीतून शिकलेला आहे.

१८/२२
धोकाही तिथेच कळला. जुन्या मांडणीत कार्ब्युरेटर भात्याच्या अलीकडे असे. म्हणजे भात्यातून नुसती हवा जात नसे, पेट्रोलमिश्रित हवा जाई. इंजिनातली ज्वाला उलटी फिरून तिथवर पोहोचली की संपूर्ण भाता स्फोटाने उडू शकतो. म्हणूनच ड्रॅग शर्यतींत तो जागीच जखडून ठेवणारे मजबूत बंद सक्तीचे झाले.

१९/२२
दुसरा शत्रू आवाजातून ओळखू येतो. दाबलेली हवा तापते. मिश्रण वेळेआधीच, एकदम आणि वेड्यावाकड्या रीतीने पेटले की इंजिन आतून ठोकल्यासारखे वाजते. याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिले तर पिस्टनला भोक पडते किंवा हेड गॅस्केट उडते. उपाय तीन : हवा थंड ठेवणे, ठिणगी किंचित उशिरा पाडणे आणि इंधन पुरेसे देणे. किटमधील ‘किरकोळ’ दिसणारे भाग याच तीन कामांसाठी असतात.

२०/२२
१९८९ मध्ये माझ्दाची ‘एमएक्स-५ मियाटा’ आली : दोन माणसांची, हलकी, १६०० सीसीची. तिने एमजीच्या काळातली हौस पुन्हा जागवली आणि तिच्यासोबत किटचा धंदाही. नव्वदच्या दशकात जॅक्सन रेसिंगचे किट प्रसिद्ध झाले. त्यात ईटन कंपनीचा रूट्स पद्धतीचा भाता होता. १८६० च्या गिरणीतली कल्पना आता बुटांच्या खोक्याएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत मावत होती. अडचण नवी होती. गाडीचा संगणक भात्याविना चालणाऱ्या इंजिनासाठी लिहिलेला. त्याला वाढीव हवेचा पुरता हिशेब ठाऊक नाही. म्हणून दाब वाढताच इंधनाचा दाबही वाढवणारा भाग लागला आणि पुढे बदली संगणकही आले.

२१/२२
आज त्या मियाटाच ‘जुन्या गाड्या’ झाल्या आहेत. जाणकार माणूस किटचे खोके उघडण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतो. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा बराच कमजोर निघाला तर खोके बंदच ठेवतो. मग रेडिएटर, पाण्याचे पाइप, गॅस्केट आणि प्लग तपासतो. पुल्या एका रेषेत आहेत ना, हे पट्टी लावून पाहतो. तत्त्वतः ०.४ बार दाब म्हणजे सुमारे ४० टक्के अधिक हवा. प्रत्यक्षात हवा तापते आणि भाता फिरवायलाही शक्ती खर्च होते, म्हणून फायदा त्याहून कमी मिळतो. इंजिनावरचा ताण मात्र सोसावाच लागतो.

२२/२२
गाडी सुरळीत चालू लागली की खरा मोह सुरू होतो. भात्याची पुली जितकी लहान, तितका तो वेगाने फिरतो आणि दाब वाढतो. लहान पुली स्वस्त मिळते, बदलायला फार वेळही लागत नाही. बर्किन यांना जो प्रश्न पडला तो इथे प्रत्येकाला पडतो आणि बेंटली यांची शंकाही शेजारी उभीच असते : हे जुने धातू आणखी किती सोसतील? २०१२ मध्ये बर्किन यांची लाल रंगाची एकआसनी ब्लोअर लिलावात ५० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. ले मान्स मात्र जिंकली होती स्पीड सिक्सने. लहान पुली हातात घेतलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात.

#थ्रेड समाप्त