सूर्याच्या पोटातलं लोखंड

सूर्याच्या पोटात काय चाललंय हे तिथे जाऊन बघायची सोय नाही. पण तिथली एक गोष्ट काही मंडळींनी चक्क जमिनीवर मोजली. ती हकिकत बरेच दिवस सांगायची होती.

गाभ्यातली ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपात बाहेर यायला निघते आणि वाटेतला तप्त वायू तिला अडवत राहतो. किती अडवतो, ती त्याची अपारदर्शकता. हा आकडा चुकला की ताऱ्याचं सगळंच गणित बिघडतं. लोखंड तिथे चिमूटभर, पण फोडणीतल्या हिंगासारखं, त्याचा परिणाम भलताच!

१९८२ मध्ये नॉर्मन सायमन यांनी सेफीड ताऱ्यांच्या स्पंदनांचा मेळ बसेना म्हणून जड मूलद्रव्यांची अपारदर्शकता पुन्हा तपासा, अशी विनवणीच केली. पुढे दहाएक वर्षांत लिव्हरमोरच्या नव्या आकडेमोडीने त्यांचं म्हणणं खरं ठरवलं.

झालं, प्रकरण मिटलं असं वाटलं. पण २००५ च्या सुमारास मार्टिन आस्प्लुंड आणि सहकाऱ्यांनी सूर्यात ऑक्सिजन, कार्बन आधी समजत होतो त्याहून कमी आहेत असं दाखवलं. आता सूर्याच्या कंपनांशी मॉडेल जुळेना. मुंबईच्या टीआयएफआरमधले अंतिया आणि त्यांच्या सहकारी सर्बानी बसू यांनी १९९७ मध्ये त्याच कंपनांवरून खदखदणाऱ्या थराचा तळ त्रिज्येच्या ०.७१३ पटीवर नेमका दाखवला होता. तो काही हलेना! मग चूक कुठे? संशयित पुन्हा अपारदर्शकता.

अल्बुकर्कीच्या सँडिया प्रयोगशाळेतल्या झेड यंत्रात सुमारे २ कोटी ६० लाख अँपिअरचा प्रवाह केसाहून बारीक टंगस्टन तारांतून सोडतात. तारांची वाफ होऊन ती आत कोसळते आणि क्ष-किरणांचा लोट उठतो. त्यात लोखंड-मॅग्नेशियमचा पापुद्रा क्षणभर सूर्याच्या पोटासारखा तापतो. मॅग्नेशियम तापमान सांगतं, लोखंड किती शोषतं ते वर्णपट सांगतो.

२००७ मध्ये जिम बेली यांच्या गटाला कमी तापमानाला सिद्धांताशी छान मेळ दिसला होता. २०१५ मध्ये १९ ते २३ लाख अंशांवर मात्र शोषण काही तरंगलांबींना ३० ते ४०० टक्के जास्त निघालं! हव्या असलेल्या वाढीपैकी जवळपास निम्मी त्यातून मिळते. उरलेली निम्मी?

२०१९ मध्ये क्रोमियम, निकेलही तापवून पाहिले. कमी तरंगलांबींना ते सिद्धांताप्रमाणे वागले, लोखंड नाही. मला वाटतं, यंत्रातच खोट असती तर तिघंही बिघडले असते. लोखंडाचं काहीतरी वेगळं आहे आणि ते आपल्या गणितात नाही.