मेदावरचा उतारा

लठ्ठपणावर औषध शोधण्याची खटपट आजची नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, आठ निंदित देह सांगितले आहेत. त्यांतील अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाच चरकाने विस्तार केला, आणि दोघांत कृश बरा असा कौल दिला. आमच्या माजलगावात हा कौल जरा जपूनच सांगावा लागतो. सिंधफणेवर धरण झाले तरी बीड जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात; त्यांना कृशपणाचे कौतुक कोण सांगणार? तरी चरबी झडवणारी चूर्णे येथेही खपतात. ‘झाडपाल्याचेच ते, अपाय कसला?’ असे घेणारा म्हणतो.

चरकाने गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा ही औषधे दिली खरी. पण त्यांच्या शेजारीच जव, कुळीथ, व्यायाम, जागरण आणि चिंता हेही उपाय लिहिले. (चिंता आमच्याकडे वैद्यावाचून मिळते!) कारणांत गोडधोड आणि दिवसाची झोप यांच्याबरोबर त्याने ‘बीजस्वभाव’ही धरला, म्हणजे आईबापांकडून आलेला देहाचा घाट.

विकणाऱ्यांनी यातले पथ्य गाळले आणि पुडी तेवढी ठेवली. १९५४ साली आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. ज्या रोगांवर रामबाण इलाजाची जाहिरात करू नये, त्यांच्या यादीत कर्करोग, मधुमेह यांच्याबरोबर लठ्ठपणाही आहे.

वैद्य आणि डॉक्टर यांचा वाद मात्र चालूच राहिला. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती या संशोधिकेने सुश्रुतातील मेदोरोगाचे वर्णन प्रमाण मानून सशांना गुग्गुळ दिला. त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले. वैद्यांची मान ताठ झाली, आणि ती व्हावी असेच ते काम होते. पण २००३ साली अमेरिकेत माणसांवर चाचणी झाली, तेव्हा घातक कोलेस्टेरॉल उलट थोडे वाढले. आपल्या कोकमाची बहीण, केरळची कुडमपुळी, हिचीही तीच गत. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये १३५ स्थूल माणसांपैकी काहींना तिचा अर्क, बाकीच्यांना नुसती फसवी गोळी, असे बारा आठवडे दिले. वजनात अर्काने काही अधिक साधले नाही. पुढे अशा गोळ्यांनी यकृत बिघडल्याच्या नोंदीही आल्या.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एक मुलगी चिडवण्याला कंटाळून असले चूर्ण घेऊ लागली. तिच्या आईपुढे मी चरकाचा तो अध्याय उघडला आणि ‘बीजस्वभाव’ या शब्दावर बोट ठेवले. आई स्वतः अंगाने भरलेली. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, “गुरुजी, फोडलेल्या पुडीचे पैसे परत देतील का हो?”