ब्रॉन्क्सचे विज्ञान विद्यालय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विद्यादानाच्या कार्यास हातभार लावणाऱ्यांपुढे एक प्रश्न नेहमीच उभा राहतो. हाती असलेले द्रव्य सर्वांस थोडे थोडे वाटावे, की निवडक गुणवंतांच्या पाठीशी भक्कमपणे उभे करावे? अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने या प्रश्नास १९३८ साली जे उत्तर दिले, त्याचे नाव ‘ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्स’.

तो काळ आर्थिक महामंदीचा होता. न्यूयॉर्कच्या उत्तरेकडील ब्रॉन्क्स भागात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची दाट वस्ती होती. त्यांपैकी अनेकांचा चरितार्थ तयार कपड्यांच्या कारखान्यांवर चाले. खाजगी शाळांची फी त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. अशा परिस्थितीत विज्ञान व गणित यांत विशेष गती असलेल्या मुलांसाठी शहराच्या खर्चाने, विनाशुल्क चालणारे विद्यालय एका जुन्या शालेय इमारतीत सुरू झाले. प्रारंभी तेथे सुमारे ४०० मुले होती. पहिले मुख्याध्यापक डॉ. मॉरिस माइस्टर यांनी वीस वर्षे या संस्थेची धुरा वाहिली. विज्ञानाबरोबरच इतिहास, भाषा व साहित्य यांनाही अभ्यासक्रमात स्थान होते. १९५९ साली विद्यालयास स्वतःची नवी वास्तू लाभली.

या रोपट्याला आलेली फळे पाहून मन थक्क होते. १९४१ साली बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीतील रॉय ग्लॉबर यांना २००५ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५० च्या तुकडीतील शेल्डन ग्लाशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग हे सहाध्यायी १९७९ साली अब्दुस सलाम यांच्यासह याच सन्मानाचे मानकरी ठरले. ग्लाशो यांचे वडील नळजोडणीचा व्यवसाय करीत, तर वाइनबर्ग यांचे वडील न्यायालयात लघुलेखक होते. लिऑन कूपर, मेल्विन श्वार्ट्झ, रसेल हल्स व डेव्हिड पॉलिट्झर हेही येथलेच. भौतिकशास्त्रातील हे सात, रसायनशास्त्रातील रॉबर्ट लेफ्कोविट्झ (२०१२) आणि अर्थशास्त्रातील क्लॉडिया गोल्डिन (२०२३) मिळून एकाच सार्वजनिक विद्यालयाचे नऊ माजी विद्यार्थी नोबेल विजेते ठरले.

यांतील शेवटचे नाव विशेष विचार करण्याजोगे आहे. आरंभी या विद्यालयात केवळ मुलांनाच प्रवेश होता. १९४६ साली ते मुलींसाठी खुले झाले आणि त्याच वर्षी श्रीमती गोल्डिन यांचा जन्म झाला. स्त्रियांचा रोजगार व वेतन यांवरील संशोधनासाठी त्यांना हा बहुमान मिळाला. शहरातील दुसरे नामांकित विज्ञान विद्यालय, १९०४ साली स्थापन झालेले स्टायव्हेसंट, मुलींसाठी १९६९ पर्यंत बंदच राहिले. नियमातील एका बदलाने किती गुणी मुलींना वाट मिळते आणि तो लांबल्याने किती जणी वंचित राहतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

तथापि या इतिहासास दुसरी बाजूही आहे. १९७१ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने हेक्ट-कॅलँड्रा कायदा संमत करून ब्रॉन्क्स, स्टायव्हेसंट व ब्रुकलिन टेक्निकल या विद्यालयांतील प्रवेश केवळ स्पर्धापरीक्षेच्या गुणांवर ठरेल, असे निश्चित केले. वशिला नाही, देणगी नाही, ही या पद्धतीची थोरवी. परंतु शहरातील सार्वजनिक शाळांत कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थी सुमारे दोन तृतीयांश असताना, २०१९ साली स्टायव्हेसंटने देऊ केलेल्या ८९५ जागांपैकी अवघ्या ७ जागा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वाट्यास आल्या. परीक्षा रद्द करण्याचा महापौरांचा २०१८ चा प्रस्ताव विधिमंडळात मंजूर झाला नाही. आशियाई स्थलांतरितांतील अनेक कष्टकरी कुटुंबांनी त्यास कडाडून विरोध केला होता. आपल्या मुलांस वर येण्यासाठी हीच एक शिडी आहे, अशी त्यांची भावना होती.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परीक्षेचा कागद सर्वांस सारखाच असतो. त्या कागदापर्यंत पोहोचण्याची तयारी मात्र सर्वांस सारखी मिळत नाही. १९७१ च्या कायद्यातच याची जाणीव दिसते. थोड्या गुणांनी मागे राहिलेल्या, परंतु प्रतिकूल परिस्थितीतील मुलांना उन्हाळ्यात विशेष शिकवणी देऊन प्रवेश देण्याची तरतूद त्यात आहे.

वसतिगृहे, वाचनालये व शिष्यवृत्त्या चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेने या इतिहासातून एवढा बोध अवश्य घ्यावा. गुणवंताचा सत्कार करणे सोपे असते, कारण तो आपणहून व्यासपीठापर्यंत आलेला असतो. जो चार पावले मागे राहिला, त्याचा शोध घेऊन त्यास वेळीच हात देणे, यातच विद्यादानाची खरी सार्थकता आहे.